फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं: दुर्गम आणि वंचित वस्तीत काम करायचं असेल तर ती कशी वापरायची

फॅमिली मेडिसिनची, म्हणजे लहानथोर सगळ्यांचे सगळे आजार पाहणाऱ्या डॉक्टरच्या एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची, सीट घेताना ‘पुढे आदिवासी भागात जायचं आहे’ असं मनापासून म्हणणारे पुष्कळ असतात. पण तीन वर्षं मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात काढली की हाताला सवय लागते ती शेजारच्या वॉर्डातल्या स्पेशालिस्टची, तासाभरात येणाऱ्या रिपोर्टची आणि चोवीस तास उघड्या असलेल्या ब्लड बँकेची. नंदुरबारमधल्या धडगावला किंवा गडचिरोलीतल्या भामरागडला पोचल्यावर यातलं काहीच नसतं आणि पहिल्याच महिन्यात रेफर चिठ्ठ्यांचं पुस्तक संपतं. हे टाळायचं असेल तर क्रम उलटा करावा लागतो. आधी जागा ठरवा. तिथली माणसं कशाने आजारी पडतात आणि कशाने दगावतात ते समजून घ्या. मग तिथून मागे मोजत तीन वर्षांच्या पोस्टिंग आखा. अभ्यासक्रम परीक्षेपुरतं शिकवेल, उरलेलं मागून घ्यावं लागेल.

सीट घेण्याआधी

नीट-पीजीतून या विषयाच्या तीन वाटा निघतात: एमडी, तिच्या बरोबरीचं तीन वर्षांचं डीएनबी आणि एनबीईएमएसचा (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचा) दोन वर्षांचा डिप्लोमा. एमडीच्या जागा देशात मोजक्याच आहेत (केरळात कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे), त्यामुळे बहुतेकांची वाट डीएनबीची. नव्या एम्समधल्या विभागाच्या नावात ‘फॅमिली मेडिसिन’ असतं, पण ते ‘कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिन’ असतं. तिथे भर सार्वजनिक आरोग्यावर किती आणि रुग्ण तपासण्यावर किती, हे विचारल्याशिवाय ती सीट भरू नका.

हॉस्पिटलचं नाव किंवा खाटा पाहून सीट निवडण्यात सर्वांत मोठी चूक होते. ज्या हॉस्पिटलात बहुतेक रुग्ण खासगी कन्सल्टंटचे असतात, तिथे रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) वाट्याला केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड येतात. पैसे मोजणाऱ्या रुग्णाला मोठ्या डॉक्टरांचाच हात हवा असतो, कारण इतकं साधं आहे. म्हणून विभागप्रमुखाला फोन न करता दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि नेमकं विचारा. गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस? सिझरला नुसतं रिट्रॅक्टर धरतोस की टाकेही घालतोस? फॅमिली मेडिसिनची स्वतंत्र ओपीडी आहे का, आणि तिथे तोच रुग्ण पुन्हा तुझ्याकडेच येतो का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर ती सीट म्हणजे पाच विभागांत फिरणारा मनुष्यबळाचा पुरवठा आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारीचं जन स्वास्थ्य सहयोग हे अशा प्रशिक्षणासाठी आवर्जून पाहावं असं ठिकाण. गोंड आणि बैगा गावांतून येणारे रुग्ण, कमी खर्चातल्या तपासण्या आणि गावातली आरोग्य कार्यकर्ती हे सगळं तिथे एकाच छताखाली दिसतं. तिथे सीट मिळाली नाही तरी दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाऊन राहता येतं का, ते विचारा.

जागा पाहायला पावसात जा

डिसेंबरात मेळघाट सुंदर दिसतो, ऑगस्टमध्ये खरा दिसतो. दहा दिवस काढा आणि पावसाळ्यातच जा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या निकषात डोंगरी-आदिवासी भागात एक केंद्र २०,००० लोकसंख्येला आणि उपकेंद्र ३,००० ला धरलेलं आहे. हा आकडा कागदावर बरा दिसतो. वीस हजार माणसं पन्नास-साठ पाड्यांवर पसरलेली असतात आणि मधे नाले असतात, हे तिथे गेल्यावर कळतं.

त्या दहा दिवसांत वहीत या गोष्टी लिहून आणा: रात्री दोन वाजता सिझर होऊ शकेल असं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं आणि पावसात तिथे जायला किती तास लागतात, रक्ताची पिशवी प्रत्यक्ष कुठे मिळते, १०८ ची गाडी कोणत्या गावापर्यंत येते आणि पुढे बाज किंवा झोळी कुठून सुरू होते, फोनला रेंज कोणत्या टेकडीवर आहे, गेल्या वर्षभरात कोणतं औषध किती दिवस संपलेलं होतं. शेवटचं उत्तर एमओपेक्षा (वैद्यकीय अधिकाऱ्यापेक्षा) फार्मासिस्ट नेमकं देतो. मागच्या दोन वर्षांतले माता-मृत्यू आणि बालमृत्यू आशाताईंना विचारा. गाव, महिना, काय झालं, किती वेळ गेला. वीसेक मृत्यूंची ही यादी तुमचा खरा अभ्यासक्रम ठरवेल.

वंचित म्हणजे फक्त डोंगरातली वस्ती नव्हे. बीडमधून दिवाळीच्या सुमारास निघणारी आणि उन्हाळ्यात परतणारी ऊसतोड कुटुंबं, शहराच्या कडेचे पारधी पाल, वीटभट्ट्या, तृतीयपंथीयांची घरं, कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्या, या सगळ्या ठिकाणी फॅमिली फिजिशियन लागतो. कौशल्यांची यादी मात्र बदलते. ऊसतोड बाईला सर्पदंशाइतकाच तिच्या अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यावर नीट इलाज हवा असतो. तो न झाल्याने किती बायकांची गर्भाशयं काढली गेली, हे शोधण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पंचविशीतली बाई पोट दुखतं म्हणून आली, तर आधी स्पेक्युलम घालून तपासा आणि ‘पिशवी काढलीय का’ हे विचारा. सोनोग्राफीचा कागद नंतर.

हात तयार करायचा तो इथे

या भागावर सर्वांत जास्त वेळ खर्च करा, कारण नंतर शिकायला कोणी शेजारी नसतं. लॉगबुकशिवाय आपली वेगळी वही ठेवा आणि त्यात तीन रकाने करा: पाहिलं, मदत केली, एकट्याने केलं. तिसरा रकाना भरला नाही तोवर ते कौशल्य आलं असं धरू नका.

प्रसूतिगृहाची पोस्टिंग पहिल्या वर्षातच मागून घ्या आणि रात्रपाळ्या घ्या. गुंतागुंत रात्री येते आणि रात्री वरिष्ठ कमी असल्याने हात पुढे करायला मिळतो. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, हे सगळे शिकतात. ते ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवलेलं असावं लागतं, हे मात्र शहरात कोणी तपासत नाही. मे महिन्यात लाइट गेलेल्या उपकेंद्रात टेबलावर पडलेलं अँप्युल काम करेलच याची खात्री नसते. रक्त थांबत नाही तेव्हा आधी औषधाचा साठा आठवा आणि मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली देण्याची तयारी ठेवा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. त्यानंतर उशीर केला तर फायदा उरत नाही. कॅथेटरवर कंडोम बांधून त्यात ३०० ते ५०० मिली सलाइन भरून गर्भाशयात फुगा लावण्याचा सराव रिकाम्या वेळेत मॉडेलवर वीस वेळा करा. पहिल्यांदा बांधताना दोरा सैल राहतो आणि सगळं सलाइन गळून जातं.

झटके येणाऱ्या गरोदर बाईला रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम: दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. ५० टक्के द्रावणाचं २ मिलीचं अँप्युल म्हणजे १ ग्रॅम, तेव्हा एका बाजूला पाच अँप्युल. घाईत लोक एकेक अँप्युल देऊन मोकळे होतात आणि बाईला रस्त्यात पुन्हा झटका येतो. लेबलवरची टक्केवारी मोठ्याने वाचा. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाची गती आणि लघवी बघा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, खिशात असू द्या.

न रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत सगळ्यांची एकच चूक होते: सक्शन करत बसणं. पहिल्या मिनिटात पुसून, मान किंचित मागे ठेवून श्वास नसेल तर बॅग-मास्क (हाताने पिशवी दाबून मास्कमधून श्वास देणं) सुरू व्हायला हवं, मिनिटाला ४० ते ६० च्या गतीने. छाती वर येत नसेल तर जोरात दाबू नका. मास्क नीट बसलाय का आणि मान जास्त मागे गेली का ते पाहा. भूलशास्त्राच्या पोस्टिंगमध्ये इंट्यूबेशनपेक्षा (श्वासनलिकेत नळी घालण्यापेक्षा) मास्क धरण्याचे तास जास्त मोजा. दुर्गम भागात माणूस जगतो तो बहुधा मास्कवर.

सर्पदंशाचा भाग मेडिसिनच्या पोस्टिंगवर सोडू नका, कॅज्युअल्टीत जाऊन शिका. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: २ मिली ताजं रक्त, स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं न हलवता, मग तिरकी करून बघायचं. प्लास्टिकची नळी वापरली किंवा काच साबणाने धुतलेली असली, तर रक्त गोठत नाही आणि नसलेलं विष दिसतं. मधेच नळी हलवून बघितली तरी चाचणी वाया. प्रतिविषाच्या १० कुप्यांनी सुरुवात, मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. त्वचेखाली चाचणी डोस देण्याची पद्धत चुकीची आहे. ती रिॲक्शन ओळखतही नाही आणि वेळ खाते. सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन ०.५ मिलीग्रॅम (प्रौढांसाठी, मांडीच्या स्नायूत) सिरिंजमध्ये भरून ठेवा. ‘दोन कुप्या देऊन पुढे पाठवलं’ असं बऱ्याच रेफर चिठ्ठ्यांवर दिसतं. त्या दोन कुप्यांनी काही साधत नाही. दहा द्या, मग पाठवा.

आपलं प्रतिविष चार सापांसाठी आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोकणातल्या चापड्यावर ते चालत नाही, तिथे कुप्या संपवू नका. मण्यारचा दंश दिसतही नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो म्हणून उठतं, तासाभरात पापण्या जड होतात. पावसाळ्यात अशा रुग्णाला अँटासिड देऊन घरी पाठवणं जिवावर बेतलेलं आहे. श्वास मंदावला की बॅग-मास्क सुरू करा आणि गाडीत बसणाऱ्या नातेवाइकाला तिथेच शिकवा: दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब, मोठ्याने मोजत.

विंचवाची गोष्ट तर आपल्याच मातीतली. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवलं आणि ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं. घाम, थंडगार हातपाय, उलट्या, लहान मुलात धाप दिसली की प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो तोंडाने, गरज पडेल तसं तीन तासांनी पुन्हा. रुग्णाला आडवंच ठेवा. उठून बसवलं की रक्तदाब कोसळतो. तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्यात राहूनही जगाला उपयोगी पडेल असं काम होतं, याचं याहून चांगलं उदाहरण नवीन रेसिडेंटला क्वचितच सापडेल.

बालरोगात कुपोषण पुनर्वसन केंद्रात किमान महिना काढा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली किंवा दोन्ही पावलांना सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाला जुलाब लागले की सवयीने सलाइन लावलं जातं आणि रात्रीत हृदय थकतं. शॉक असेल तरच शिरेतून, नाहीतर तोंडाने. आधी साखर आणि ऊब, मग एफ-७५ (उपचारासाठीचं सौम्य दूध) दिवसाला १३० मिली प्रति किलो, दोन-दोन तासांनी थोडं थोडं. भूक परत आल्याशिवाय एफ-१०० (जास्त ताकदीचं दूध) नाही. आई कंटाळून तिसऱ्या दिवशी निघून जाते, कारण घरी दुसरी दोन मुलं आणि बुडणारी मजुरी असते. तिच्याशी दाखल होतानाच बोला. कोणी घरी बघेल का, किती दिवस लागतील, बुडीत मजुरी मिळते का. हे न विचारता ‘पळून गेली’ असं लिहिणं ही आपली चूक आहे.

शल्यचिकित्सेत गळू, भाजणं, छातीत नळी, प्लास्टर आणि हायड्रोसिल एवढं पक्कं करा. बाकी ऑपरेशनं पाहायला छान असतात, पण तिसरा रकाना त्यांनी भरत नाही.

वर्षानुवर्षं चालणारे आजार

तातडीच्या केसने नाव होतं, पण वस्तीत खरी उपयोगी पडते ती चिकाटी. टीबीच्या रुग्णाचं वजन दर भेटीत करा. एकत्रित गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. आदिवासी भागात रुग्ण येतो तोच बत्तीस किलोचा. दोन महिन्यांत छत्तीस झाला तरी कार्डावर दोनच गोळ्या चालू राहतात, कारण वजन पुन्हा कोणी केलेलंच नसतं. निक्षय पोषण योजनेतली मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली आहे. ती खात्यावर जमा होते आणि खातं नसेल किंवा बंद पडलं असेल तर येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच बँकेचं काम आशाताईंबरोबर उरकून घ्या. औषधाइतकंच ते उपचारात धरा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून तपासण्या होतात. विद्राव्यता चाचणी (रक्ताची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे, असं ठरत नाही. वाहक आणि रुग्ण त्यात सारखेच दिसतात. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची तपासणी होईपर्यंत कोणाच्या कार्डावर काही लिहू नका. चुकीच्या शिक्क्याने मुलींची लग्नं मोडली जातात. वाहक निरोगी असतो आणि दोन वाहकांच्या लग्नातच प्रश्न येतो, हे आईबापांना बोटांवर मोजून दाखवा: बाळ आजारी असण्याची शक्यता चारपैकी एक, प्रत्येक गरोदरपणात. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया दिवसाला १० मिलीग्रॅम प्रति किलोपासून, रक्त तपासत. गरोदरपणात नाही. मोठी भीती पेशी घटण्याची असते, पण प्रत्यक्षात जास्त रुग्ण बिघडतात ते गोळ्या संपल्यामुळे. तालुक्याला साठा किती आहे ते दर महिन्याला स्वतः पाहा.

मलेरियाच्या रॅपिड किटबद्दल एक सूचना. फाल्सिपेरम या घातक मलेरियासाठीची चाचणी उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. ती पुन्हा करून ‘औषध लागू पडलं नाही’ असं ठरवू नका. शंका असेल तर काचपट्टी बघा. सूक्ष्मदर्शक स्वतः वापरता आला पाहिजे, आणि ते पॅथॉलॉजीत टेक्निशियनशेजारी पंधरा दिवस बसून शिकता येतं.

भाषा, पुजारी आणि आशाताई

मेळघाटात कोरकू, भामरागड-एटापल्लीत माडिया, सातपुड्यात भिली आणि पावरी. मराठी तिथे बऱ्याच बायकांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. साठ वाक्यं गोळा करा: कधीपासून, कुठे दुखतं, पाळी कधी आली, आत बोट घालून तपासते, भीती वाटते का, उद्या पुन्हा या. स्थानिक एएनएम (परिचारिका) किंवा आशाताईंच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि रोज दहा पाठ करा. नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नका. गर्भपात, अंगावरून जाणं, मारहाण यातलं काहीच त्यांच्या तोंडून तुमच्यापर्यंत येणार नाही.

गावात तुमच्या आधी भूमका (पारंपरिक वैदू-मांत्रिक) किंवा पुजारी पोचलेला असतो. त्याला शत्रू मानलं तर रुग्ण तुमच्याकडे येणं लपवतो, एवढंच होतं. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर डागण्या देतात, त्याला डंबा म्हणतात. त्यामागे ‘पोट फुगलंय’ ही आईची खरी काळजी असते. बाळाला जंतुसंसर्ग असतो आणि डागलेल्या जखमेने तो वाढतो. भूमकाला एवढंच पटवा की पोट फुगलेलं, दूध न ओढणारं बाळ आलं की पूजा करायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. निरोप पोचवणाऱ्या भूमकाचा सगळ्यांसमोर मान ठेवा.

आशाताईंवर विश्वास ठेवायला शिकणं हा वेगळा धडा आहे. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. गडचिरोलीत सर्च या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत शिकवलं, आणि ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. तुमच्या केंद्रात आशाताईंना रिपोर्ट विचारण्याआधी खुर्ची द्या आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते त्यांना कळवा. हा निरोप परत गेला नाही, तर तिसऱ्या महिन्यापासून रुग्ण येणं थांबतं.

कागदपत्रं, ज्यावर काम अडतं

पोर्टेबल सोनोग्राफी मशीन बॅगेत घालून गावात नेता येत नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्यात मशीन, जागा आणि करणारी व्यक्ती, तिन्हींची नोंद लागते आणि प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ भरावा लागतो. आपली पात्रता जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून लेखी तपासून घ्या, मगच मशीनसाठी देणगीदार शोधा.

गर्भपाताच्या सेवेसाठी प्रसूतिशास्त्राच्या पोस्टिंगमध्येच तयारी करा. मान्यताप्राप्त केंद्रात २५ केसमध्ये मदत आणि त्यातल्या किमान ५ स्वतंत्रपणे केल्याचं प्रमाणपत्र असेल, तर १२ आठवड्यांपर्यंतची सेवा देता येते. हे प्रमाणपत्र पोस्टिंग संपताना त्याच दिवशी मागा. वर्षभराने सही करणारे बदललेले असतात. अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी आली तर पॉक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे. मात्र गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं आणि तिच्या पालकांचं म्हणणं असेल, तर तिची ओळख उघड न करता कळवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. हे माहीत नसलेले डॉक्टर मुलीला परत पाठवतात आणि ती कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे.

पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये वाढीव पात्रतेची नोंद करा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावरची बंधपत्रित सेवा बाकी असेल, तर सोयीचं केंद्र न मागता तुम्ही आधी पाहून आलेलं केंद्रच मागा. बहुतेक उमेदवार ते टाळतात, त्यामुळे ते सहज मिळतं.

थीसिससाठी विषय तिथूनच उचला. प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा) सुरुवातीच्या महिन्यांतच द्यावा लागतो आणि घाईत ‘शहरी ओपीडीतील मधुमेह’ असं काहीतरी लिहून तीन वर्षं वाया जातात. वजनपट्टा बदलल्यावर टीबीच्या गोळ्या बदलल्या का, सिकलसेलचे रुग्ण औषध कोणत्या महिन्यात सोडतात, माहेरघरात (दिवस भरत आलेल्या बायकांसाठी दवाखान्याजवळ राहण्याच्या सोयीत) बायका का थांबत नाहीत: असे प्रश्न छोटे असतात, मोजता येतात आणि उत्तर दुसऱ्याच दिवशी वापरता येतं. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवा आणि निष्कर्ष गावसभेत जाऊन सांगा. लोकांचं रक्त नेलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, ही तक्रार बऱ्याच पाड्यांवर ऐकू येईल.

कुठे आणि कोणाबरोबर

सरकारी केंद्र, नॅशनल हेल्थ मिशनचं कंत्राट, संस्थेचं हॉस्पिटल किंवा तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना, चारही वाटा चालतात. पहिली दोन वर्षं संस्थेत काढावीत असा आमचा सल्ला आहे. गडचिरोलीत सर्चचं शोधग्राम, हेमलकशाचं लोकबिरादरी, मेळघाटात धारणीजवळचं ‘महान’ संस्थेचं रुग्णालय, तमिळनाडूत सित्तिलिंगी आणि गुडलूरचं आदिवासी रुग्णालय, अशा ठिकाणी रात्री दोनला दार ठोठावायला कोणीतरी वरिष्ठ असतो. सरकारी केंद्रात अधिकार आणि औषध जास्त, पण सभा, अहवाल आणि बदली यांत दिवस जातो. त्यासाठी थोडा अनुभव पाठीशी असावा.

एकट्याने जाऊ नका. दोन डॉक्टर असले की रात्र वाटून घेता येते आणि चुकीवर बोलता येतं. बहुतेक जण परततात ते पगारामुळे नव्हे, तर सलग सहा महिने एकही अख्खी रात्र न झोपल्यामुळे, आणि जोडीदाराला तिथे करण्यासारखं काही न सापडल्यामुळे. रुजू होण्याआधी लेखी ठरवा: महिन्यात किती रात्री, वर्षात किती सलग सुट्टी, घर कोणतं, पाणी-वीज कशी. मुलांच्या शाळेचा प्रश्न लग्नाआधीच एकमेकांशी बोलून घ्या. तिसऱ्या वर्षी तो येतोच. फोनवर सल्ला देणारे पाच जण पक्के करा: एक स्त्रीरोग, एक बालरोग, एक फिजिशियन, एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ. रेसिडेन्सीत ज्यांच्याबरोबर रात्री काढल्या त्यांतलेच निवडा, ते फोन उचलतात.

रुजू व्हायचं तर एप्रिलमध्ये व्हा, जूनमध्ये नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो. एप्रिलमध्ये आशाताईंबरोबर बसून जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या सगळ्या बायकांची यादी करा आणि त्यांना माहेरघरात कधी आणायचं ती तारीख प्रत्येकीच्या कार्डावर लिहा. प्रतिविषाच्या कुप्या, मॅगसल्फ, टीबीच्या गोळ्या आणि मलेरियाची किट चार महिन्यांची मागवा, मुदत संपण्याच्या तारखा स्वतः बघून. बॅग-मास्क मोठा आणि बाळाचा, दोन-दोन. फ्रिजला इन्व्हर्टर आहे का ते दुपारी मुख्य स्विच बंद करून तपासा. मेच्या शेवटी बांबूची बाज घेऊन एकदा सर्वांत लांबच्या पाड्यापासून गाडीच्या रस्त्यापर्यंत चालत या आणि लागलेली मिनिटं रेफर रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.